सोअर आइज नावाची साईट

मी बांधकामाच्या ऑफिसात आहे त्यामुळे साईट म्हटलं की मला वाळूचे ढीग, सळया आणि कोपऱ्यावरची चहाची टपरीच दिसते, यात माझा काय दोष. पण लंडनच्या आर्किटेक्टने तीन महिने रखडवलेली ड्रॉइंग्ज एकदाची पाठवली आणि मला आनंदाच्या भरात इंग्रजी सुचलं, तिथे घात झाला. लिहिलं, युवर ड्रॉइंग्ज आर अ साईट फॉर सोअर आइज. म्हणजे आपलं ते, डोळ्यांचं पारणं फिटलं. फक्त साईटचं स्पेलिंग एस-आय-टी-ई.

सीसीमध्ये अख्खं ऑफिस. दहा मिनिटांत अकाउंट्सच्या मॅडम, "अहो ही सोअर आइज साईट कुठली? कोडच उघडलेला नाही, बिलं कशात टाकू?" परचेसवाल्याला लगेच सिमेंट किती लागेल ते हवं, आणि साहेब केबिनमधून ओरडले की मला न विचारता नवीन काम घेतलं कुणी.

मग दुरुस्तीचा मेल. यावेळी एस-आय-जी-एच-टी अगदी घोकून घातलं आणि सोअरचं केलं एस-ओ-ए-आर, म्हणजे डोळे आकाशात घिरट्या घालतायत. देवनागरीत लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, साईट ती साईट आणि सोअर ते सोअर!

घरी आईला सांगितलं तर म्हणे, डोळे आलेत का त्याला, गुलाबपाणी घालायला सांग. तिचं तसं बरोबरच आहे. १७३८ साली जोनाथन स्विफ्टने छापलेल्या संवादांत हेच आहे, तुमचं दर्शन दुखऱ्या डोळ्यांना बरं, अशा अर्थाचं. दर्शन! हे आधी कुणी सांगितलं असतं तर कशाला चुकलो असतो. आपल्याकडे डोळ्यांचा नुसता उपास सुटतो, यांना आधी डोळे दुखायला लागतात.

शेजारच्या टेबलवाल्याने वर अजून घाबरवलं, की हेच शब्द उलटे करून आयसोअर झालं ना, तर डोळ्यात खुपणारी बिल्डिंग असा अर्थ होतो, आणि ते तू आर्किटेक्टला लिहिणार होतास.

आता ड्रॉइंग आलं की मी फक्त 'रिसीव्ह्ड, थँक्स' लिहितो. पण मॅडमनी तेव्हा घाईत कोड उघडून ठेवलाय, एसएसई-०१, आणि परवा कुणीतरी त्यावर चाळीस पोती सिमेंट टाकलं.