सहकलाकाराचे ‘रोजचे दोन लाख’ आणि न येणारी रॉयल्टी

एखाद्या ज्येष्ठ चरित्र अभिनेत्याच्या उपचारांसाठी मदतीचे आवाहन झाले की समाजमाध्यमांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. हिंदी चित्रपटातला सहकलाकार दिवसाला लाख-दोन लाख रुपये घेतो, वर्षभर कोणत्या ना कोणत्या सेटवर असतो, चित्रपट टीव्हीवर लागला की त्याला रॉयल्टी वेगळी मिळते, आणि एवढे असूनही म्हातारपणी मदत मागावी लागत असेल तर तो उधळपट्टीचाच परिणाम, असा त्याचा आशय असतो. यातले पहिले विधान काही थोड्या कलाकारांपुरते खरे आहे. बाकीची तीन मात्र तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

दिवसाच्या दराचा मुद्दा लवकर संपवता येईल. दिवसाला लाखांत मानधन घेणारे चरित्र अभिनेते आहेत आणि पूर्वीही त्या त्या काळाच्या मानाने मोठी रक्कम घेणारे होते; सत्तरच्या दशकात प्राण यांचे मानधन अनेक नायकांपेक्षा जास्त असे. पण प्राण हे प्राण होते. पोस्टरवर ज्याचा चेहरा छापला जातो तो, दोन प्रसंगांत येणारा इन्स्पेक्टर किंवा डॉक्टर, आणि गर्दीत उभा राहणारा ज्युनिअर आर्टिस्ट, या तिघांना प्रेक्षक एकाच शब्दात गुंडाळतो. त्यांचे दर मात्र तीन वेगवेगळ्या बाजारांत ठरतात. ‘निव्वळ संपत्ती’चे आकडे छापणाऱ्या संकेतस्थळांचा हवाला तर देऊच नये, कारण मानधनाचा करार निर्माता आणि कलाकार यांच्यातच राहतो आणि ते आकडे कुठून आले हे तिथे सहसा सांगितलेलेही नसते.

खरी चूक दुसऱ्या विधानात आहे. दिवसाच्या दराला तीनशेने गुणले की वार्षिक उत्पन्न निघते, हे गणित पगारदार माणसाचे आहे. दीडशे मिनिटांच्या चित्रपटात ज्याची भूमिका दहा मिनिटांची आहे, त्याचे चित्रीकरण काही दिवसांत आटोपते. ते दिवसही सलग येतील असे नाही, कारण तारखा नायकाच्या सोयीने लागतात आणि ज्याचे प्रसंग नायकाबरोबर आहेत त्याला त्या तारखांशी जुळवून घ्यावे लागते. मधल्या काळात दाढी, केस, वजन यांची कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या दृश्यातले रूप जसेच्या तसे, सांभाळायची असल्याने दुसरी भूमिका सोडावी लागते, आणि त्या थांबण्याचे पैसे सहसा कोणी देत नाही. पुष्कळदा तर दिवसाचा दर नसतोच. संपूर्ण भूमिकेची ठोक रक्कम ठरते आणि डबिंग (नंतर स्टुडिओत संवाद मुद्रित करणे) व पॅचवर्क (राहिलेल्या तुकड्यांचे चित्रीकरण) यांचे दिवस त्यातच धरले जातात. नीना गुप्ता यांच्यासारख्या राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या अभिनेत्रीने २०१७ मध्ये, आपण मुंबईतच राहतो आणि चांगल्या भूमिकांच्या शोधात आहोत, असे समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले होते. तेव्हा त्यांचा दर काय होता हा प्रश्न गौण आहे, कारण काम नसलेल्या दिवसाचा दर शून्यच असतो.

ठरलेली रक्कमही पूर्ण हातात पडत नाही. समजा, दिवसाला ४० हजार रुपये दराने दहा दिवसांचे काम मिळाले आणि काम आणणाऱ्या कोऑर्डिनेटरचे कमिशन १५ टक्के ठरले, तर ४ लाखांतले ६० हजार तिथे जातात. निर्माता १० टक्के, म्हणजे ४० हजार, उगमस्थानीच करकपात म्हणून कापतो. त्यातले काही विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकते, पण तोवर हातात ३ लाखच असतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारावा लागतो, आणि एकदा बिल दिले की निर्मात्याचे पैसे येवोत न येवोत, तो वेळेवर सरकारजमा करावा लागतो. मालिकांमध्ये मानधन ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. चित्रपटात ते हप्त्यांनी येते, आणि शेवटचा हप्ता हाती आल्याशिवाय डबिंगला उभे राहू नये, असे जुने लोक नव्यांना बजावत. सेटवरच ध्वनिमुद्रण होऊ लागल्यावर हेही शस्त्र बोथट झाले.

रॉयल्टीविषयीचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरा कायदा आहे. २०१२ साली प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रह धरला होता, आणि तिच्यामुळे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क अबाधित झाला. गायकांनी २०१३ मध्ये स्वतःची संस्था स्थापन करून वसुली सुरू केली. कलम ३८-अ मध्ये सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिलेला आहे, आणि या शब्दाच्या व्याख्येत अभिनेता स्पष्टपणे येतो. मात्र ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला व्याख्येतून जवळजवळ वगळले आहे. म्हणजे गर्दीतला माणूस कायद्यातच बाहेर राहिला. आणि ज्याचे नाव येते त्याच्या हाती नेहमीचा करार पडतो, ज्यात एकरकमी मोबदल्यात सर्व माध्यमांचे हक्क निर्मात्याकडे जातात. चित्रपट वाहिनीवर पन्नासाव्यांदा लागला म्हणून त्यातल्या मामाच्या किंवा काकूच्या खात्यात रक्कम जमा झाली, असे या व्यवस्थेत घडत नाही.

पुनःप्रक्षेपणाचा मोबदला ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतल्या बातम्यांवरून आली असावी. तिथे तो मिळतो, पण चित्रपटांसाठी तो १९६० च्या संपातून अभिनेत्यांच्या संघटनेने करारात मिळवला. तरीही तिथल्या सहकलाकाराची चैन आहे असे नाही. २०१३ च्या एका गाजलेल्या चित्रपटात सोमाली चाच्याची भूमिका करून ऑस्करचे नामांकन मिळवणाऱ्या बरखाद अब्दी यांना त्या भूमिकेचे ६५ हजार डॉलर मिळाल्याचे प्रसिद्ध झाले होते. २०२३ च्या संपाच्या वेळी संघटनेच्या आरोग्यविम्यासाठी वर्षाला किमान २६,४७० डॉलरची कमाई लागत होती आणि बहुसंख्य सभासद तिथवर पोहोचत नव्हते.

राहिला उधळपट्टीचा आरोप. त्याच्या पुष्ट्यर्थ भगवानदादांचे नाव नेहमी घेतले जाते, पण ते नायक आणि निर्माते होते. त्यांचा बंगला आणि मोटारी गेल्या त्या निर्मितीतल्या नुकसानीत. सहकलाकाराचे उदाहरण म्हणून ए. के. हंगल घ्यावेत. ते पन्नाशीच्या सुमारास चित्रपटात आले आणि त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपट केले. १९९३ मध्ये पाकिस्तानी वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्रमाला हजर राहिल्यावरून शिवसेनेने बहिष्काराची हाक दिली आणि त्यांना बराच काळ कामाविना राहावे लागले. २०११ मध्ये औषधोपचाराचा खर्च झेपत नसल्याचे जाहीर झाले, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. कराराने काम करणाऱ्या कलाकाराला निवृत्तिवेतन नसते आणि ग्रॅच्युइटीही नसते. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला खरा, पण मुळात ठोक १५ हजार रुपयांपेक्षा जास्त मानधन घेणारा त्याच्या व्याख्येबाहेर होता. त्यामुळे मधल्या फळीतल्या कलाकाराला, जो कामगार म्हणवला जात नाही आणि ताराही म्हणवला जात नाही, भविष्याची तरतूद दोन भूमिकांमधल्या रिकाम्या महिन्यांचे घरभाडे भरून जे उरेल त्यातूनच करावी लागते.