बटण दाबलं की कंप थांबतो, पार्किन्सन थांबत नाही

गेल्या काही महिन्यांत एकच व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला. खुर्चीत बसलेल्या माणसाचे दोन्ही हात जोरजोरात थरथरताहेत, पेला तोंडापर्यंत जात नाही. कोणीतरी छातीजवळ रिमोटसारखं काहीतरी धरतं, बटण दाबतं आणि हात शांत होतात. व्हिडिओ खरा आहे. त्याच्याखाली फिरणारा मजकूर मात्र खरा नाही. थोड्याफार फरकाने तो असा असतो: पार्किन्सनवर कायमचा इलाज सापडला, मेंदूत पेसमेकर बसवला की आजार मुळासकट जातो, गोळ्या सुटतात, कोणत्याही वयात आणि कोणत्याही टप्प्यावर करता येतं, मेंदूला वेदना कळत नाहीत म्हणून धोका शून्य, आणि औषध कंपन्यांचा धंदा बुडेल म्हणून डॉक्टर हे सांगत नाहीत.

या 'पेसमेकर'च्या, म्हणजे छातीत बसवलेल्या यंत्रातून मेंदूत वीज नेणाऱ्या तारा माझ्या यजमानांच्या डोक्यात २०१८ पासून आहेत. शस्त्रक्रियेचं नाव डीप ब्रेन स्टिम्युलेशन. पेशंट आणि घरचे सगळे 'डीबीएस'च म्हणतात. मी तिच्या विरोधात नाही. तिच्यामुळे आमच्या घरात माणसं पुन्हा रात्री झोपायला लागली. म्हणूनच हा मजकूर मला जास्त लागतो. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका काकांनी ऑपरेशननंतर 'आता गरज काय' म्हणून सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ, अंगात सणसणून ताप, बोलणं असंबद्ध. आयसीयूत न्यावं लागलं. हा फॉरवर्ड त्यांच्या फोनमध्ये होता आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही.

आता एकेक दावा घेते.

"बटण दाबलं की आजार गायब."

हा उपाय सापडला तो फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे, १९८७ साली. तेव्हा कंप थांबवण्यासाठी मेंदूच्या थॅलॅमस नावाच्या भागातला एक ठिपका जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेचे हलके स्पंद देऊन तपासत. आलीम-लुई बेनाबिद या शल्यविशारदांनी तपासताना स्पंदांचा वेग वाढवत नेला. सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंद झाले आणि पेशंटचा कंप थांबला. वीज बंद केली, कंप परत आला. म्हणजे काही जाळायची गरजच नव्हती. वीज चालू ठेवली की पुरत होतं.

'वीज बंद केली, कंप परत आला' हे शब्द पुन्हा वाचा. फिरणारा व्हिडिओ पूर्ण पाहिला तर त्यातही हेच दिसतं: यंत्र बंद असताना हात थरथरताहेत. ज्याचा आजार मुळातून गेला, त्याचे हात यंत्र बंद केल्यावर का थरथरतील? बरं झाल्याचा पुरावा म्हणून जे पाठवलं जातंय, तोच आजार जागेवर असल्याचा पुरावा आहे.

शिवाय कंप हे या यंत्राला सर्वांत लवकर दाद देणारं लक्षण आहे, काही सेकंदांत. स्नायूंचा ताठरपणाही लवकर सैल होतो. हालचालींतला मंदपणा कमी व्हायला जास्त वेळ लागतो, आणि चालण्यातला फरक दिसायला तास, कधी दिवस. कॅमेऱ्यात येतं ते पहिलंच. पार्किन्सनच्या कितीतरी पेशंटना तर कंप नसतोच. आमच्याकडे नव्हता. आमचं दुखणं म्हणजे दारात पाय जमिनीला चिकटणं आणि रात्री कूस बदलता न येणं. त्याचा कोणी व्हिडिओ काढत नाही.

"मुळासकट जातो."

मूळ कुठे आहे ते पाहा. मेंदूच्या तळाशी सब्स्टँशिया नायग्रा म्हणून एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करतात आणि पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात. हात पहिल्यांदा थरथरतो तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. डीबीएसची तार या पट्ट्यात घालतच नाहीत. ती बहुतेकदा जवळच्याच सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये जाते. हा भाग भिंगासारखा, मसुराच्या आकाराचा, जेमतेम सेंटीमीटरभर लांब. डोपामिन कमी पडलं की तिथल्या पेशी एका विशिष्ट ठेक्यात अडकतात आणि हालचालीचा हुकूम पुढे नीट जात नाही. यंत्राची वीज तो ठेका मोडते. मेलेल्या पेशी परत आणत नाही, आणि उरलेल्या मरणं थांबवते असंही आजवर सिद्ध झालेलं नाही.

ग्रेनोबलच्याच गटाने ४९ पेशंट पाच वर्षं तपासून २००३ मध्ये जे मांडलं ते या दाव्याला पुरेसं उत्तर आहे. गोळी न घेतलेल्या अवस्थेत, यंत्र चालू असताना, हालचालींचे गुण पाच वर्षांनंतरही ऑपरेशनआधीच्या मानाने ५४ टक्क्यांनी चांगले होते. फार मोठी गोष्ट आहे ही. पण त्याच पाच वर्षांत बोलणं, तोल, पाय अडकणं आणि विचारशक्ती यांत मात्र घसरण झाली होती. यंत्र चालू होतं आणि आजारही पुढे जात होता. आमच्या घरी आत्ता नेमकं हेच आहे: हात चालतो, आवाज मात्र दर वर्षी बारीक होतोय.

"गोळ्या कायमच्या सुटतात."

तार सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये असेल तर लेवोडोपाचा, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा, डोस बऱ्याच जणांत एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतो. ग्लोबस पॅलिडस या दुसऱ्या जागी तार बसवली तर साधारण पूर्वीइतकाच राहतो. पूर्ण सुटणारे थोडे. आमचे दिवसाचे आठ डोस होते, आता चार आहेत. डोस कमी करायचा तोही टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, कारण औषध अचानक थांबलं की काकांचं झालं तसं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. घाईने कमी केलं तर आणखी एक गोष्ट होते जी घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही: माणूस उदास, निरिच्छ होऊन बसतो. आपल्याला वाटतं ऑपरेशनचा थकवा आहे.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले तो दावा.

"कोणत्याही वयात, कोणत्याही टप्प्यावर."

ऑपरेशन ठरवण्याआधी एक चाचणी घेतात. आदल्या रात्रीपासून पार्किन्सनची एकही गोळी द्यायची नाही. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा यांना गाडीतून दोघांनी उचलून व्हीलचेअरवर ठेवलं होतं. डॉक्टरांनी बोटं उघडमीट करायला लावली, टाच आपटायला लावली, खुर्चीतून उठायला सांगितलं, प्रत्येकाचे गुण लिहिले. मग नेहमीपेक्षा मोठा डोस दिला. पाऊण तासाने हे स्वतः उठले आणि व्हरांड्यात चालत गेले. पुन्हा तेच सगळं करून पुन्हा गुण. दोन्ही गुणांत निदान ३० टक्के फरक पडला तर पुढचा विचार करतात.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे: "हा जो तास तुम्ही आत्ता पाहिलात, तो आम्ही लांबवू शकतो. याहून चांगला तास देऊ शकत नाही."

डीबीएसबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही. गोळीने जे सुधारत नाही ते साधारणपणे यंत्रानेही सुधारत नाही. हट्टी कंप हा त्याला मोठा अपवाद. तो गोळीला दाद देत नसला तरी यंत्राला देऊ शकतो. गोळी पूर्ण लागू असतानाही ज्याचा तोल जातो, त्याचा तोल यंत्र बसवल्यावरही जाणार. पार्किन्सनसारखे दिसणारे दुसरे आजार असतात, एमएसए, पीएसपी. त्यांत गोळीचा फारसा किंवा टिकून उपयोग होत नाही आणि डीबीएसचाही नाही. म्हणूनच आजाराची पहिली चार-पाच वर्षं जाऊन निदान पक्कं होण्याची वाट पाहतात. स्मृतिभ्रंश असेल, उपचार न झालेलं तीव्र नैराश्य असेल, तर ऑपरेशनने माणसाचं नुकसानच होण्याची शक्यता जास्त. वयाची कडक रेघ नाही, पण सत्तरी-पंचाहत्तरीनंतर फायदा आणि धोका यांचं गणित बदलतं.

'कोणत्याही टप्प्यावर' या शब्दांचं दुसरंही एक नुकसान आहे. कधीही करता येतं म्हटल्यावर माणसं थांबतात. 'अजून एवढं कुठे झालंय, अगदी अंथरुणाला खिळले तर बघू.' अंथरुणाला खिळल्यावर बहुतेकदा वेळ गेलेली असते. जर्मनी आणि फ्रान्समध्ये साठीच्या आतल्या २५१ पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. गोळ्यांचा असर मधेच उतरणं सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती, असेच पेशंट त्यात घेतले होते. दोन वर्षांनी, ज्यांना यंत्र बसवलं त्यांच्या रोजच्या जगण्यात स्पष्ट सुधारणा होती. फक्त औषधांवर असलेल्यांच्यात नव्हती. सगळ्यांनी पन्नाशीतच ऑपरेशन करावं असा याचा अर्थ नाही. पण एक खिडकी असते. गोळी उत्तम लागू पडतेय, मात्र तिचा असर दोन-अडीच तासांत उतरतोय किंवा असर असताना अंग वेडंवाकडं वळवळतंय, तेव्हा ती उघडलेली असते. आम्ही त्या खिडकीपाशी तीन वर्षं उशिरा पोचलो. ती तीन वर्षं मला अजून सलतात.

"वेदना नाही म्हणून धोका नाही."

मेंदूच्या गाभ्याला वेदना कळत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तार बसवताना पेशंटला अनेकदा जागं ठेवतात, बोलतं ठेवतात. पण न दुखणं आणि धोका नसणं यांचा काय संबंध? शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्यातल्या काहींना त्याचा कायमचा परिणाम सोसावा लागतो. जंतुसंसर्ग झाला तर कधी अख्खं यंत्र काढावं लागतं. तार सरकते, तुटते. बोलणं जड होतं, वजन वाढतं. काही जणांचा स्वभाव उतावळा होतो, काही खचतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही वर्षांत आत्महत्येच्या विचारांकडे लक्ष ठेवायला सांगतात ते उगाच नाही. घरच्यांनी हे आधी ऐकलेलं असलं पाहिजे.

दोन धोके कोणी सहसा सांगत नाही, म्हणून सांगते. पहिला डायथर्मीचा. गुडघा किंवा खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपीत यंत्राने जो शेक देतात तो. डीबीएस असलेल्याला तो सक्त मना आहे, शरीरावर कुठेही. त्याची ऊर्जा तारेतून टोकापर्यंत जाते आणि तिथला मेंदू भाजू शकतो. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा, यंत्राचं कार्ड आधी दाखवा. दुसरा धोका पाण्याचा. झ्यूरिकच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये नऊ जणांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे चांगले पोहणारे. डीबीएसनंतर चालणं-फिरणं सुधारलं, पण पोहणं जमेना. एकाला तर बुडताना बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे विहिरीत, नदीत पोहत मोठे झालेले किती आजोबा आहेत. बरं वाटू लागल्यावर गावच्या विहिरीत एकट्याने उडी मारू नये, हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणि ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं नाही. नुसती तार आत गेल्यानेही तिथे थोडी सूज येते आणि यंत्र चालू व्हायच्या आतच पेशंटला बरं वाटू लागतं. ते काही दिवसांत, आठवड्यांत ओसरतं. त्या काळात आम्हीही पेढे वाटले होते. नंतर सात महिने फेऱ्या: किती तीव्रतेची वीज, सेकंदाला किती स्पंद, तारेच्या कोणत्या टोकातून. साध्या बॅटरीचं यंत्र तीन ते पाच वर्षांत बदलावं लागतं, तेही छोटं ऑपरेशनच. चार्ज होणारी बॅटरी जास्त वर्षं टिकते, पण आधीच महाग पडते. आपल्याकडे सगळा खर्च मिळून दहा लाखांच्या घरात किंवा पुढेच जातो. फॉरवर्डमध्ये पैशांचा उल्लेखही नसतो.

राहिला औषध कंपन्यांचा कट. लेवोडोपा १९६० च्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे, तिचं पेटंट केव्हाच संपलंय आणि आपल्याकडे ती स्वस्त मिळते. महाग आहे ते यंत्र, आणि ते बनवणाऱ्या कंपन्याही बलाढ्य आहेत. अमेरिकेत डीबीएसला कंपासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सनच्या इतर लक्षणांसाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. बेनाबिद आणि अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट मॅलन डिलाँग यांना २०१४ मध्ये लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. यात लपवलेलं काहीच नाही.

तुमच्या घरात पार्किन्सन असेल आणि या व्हिडिओमुळे आशा जागली असेल, तर ती विझवायला मी आलेले नाही. न्यूरोलॉजिस्टकडे जायच्या आधी दोन आठवडे एक वही करा. सकाळी उठल्यापासून दर अर्ध्या तासाला एक खूण: गोळी लागू आहे, उतरली आहे, की अंग वळवळतंय. गोळ्यांच्या वेळाही लिहा. अमेरिकेत २५५ पेशंटवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही अशाच नोंदींवरून मोजणी केली होती. यंत्र बसवलेल्यांना सहा महिन्यांनी दिवसाचे सरासरी ४.६ तास चांगले जास्त मिळाले, नुसत्या औषधांवरच्यांना शून्य. आमच्या २०१८ च्या वहीत दिवसाला सात तास 'उतरली' अशी खूण आहे. सध्याच्या वहीत दीड. रविवारी सकाळी हे छातीवर चार्जरचा पट्टा बांधून पेपर वाचत बसतात, आणि साडेदहाची गोळी मी शेजारी ठेवते.