परत तोच काळा चौकोन

लाइव्ह स्ट्रीमिंगचं (थेट प्रक्षेपणाचं) हे OBS सॉफ्टवेअर फुकट आहे, मान्य. म्हणून डिस्प्ले कॅप्चर (अख्खी स्क्रीन बघणाऱ्यांना दाखवायची सोय) लावला की दर वेळी काळाकुट्ट चौकोनच बघायचा का? लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप, स्क्रीन चालते एकीवर आणि हे महाशय बसलेत दुसरीवर. मग विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जा, 'पॉवर सेव्हिंग' निवडा, सगळं बंद करून परत उघडा. गेम दाखवायचा असेल तर नेमकं उलटं करा! अहो, त्या चौकोनावरच दोन ओळी लिहून टाका ना, काय बिघडतं?

आवाजाचं तर विचारूच नका. आवाज आधी पोचतो, कॅमेऱ्याचं चित्र रमतगमत मागून. आवाज किती मागे ढकलायचा ते सांगणाऱ्या सिंक ऑफसेटच्या खान्यात मिलिसेकंद भरत, कॅमेऱ्यासमोर येड्यासारख्या टाळ्या वाजवत बसायचं. १५०? आवाज अजून पुढेच. २५०? आता हात आधी जुळतात, टाळी नंतर ऐकू येते. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून जातंच.

बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा यावर, सल्ले देणारे उदंड. '६००० किलोबिट ठेव' म्हणे. अरे, म्हणजे सेकंदाला ६ मेगाबिट सतत वर जायला हवेत! इंटरनेटवाले मिरवतात तो आकडा डाउनलोडचा, अपलोडचं नाव कुणी काढत नाही. मग ड्रॉप्ड फ्रेम्सचा (वाटेत गळलेल्या चित्रांचा) आकडा चढतो आणि बघणारे विचारतात, "अडकतंय का?"

हो, अडकतंय. आणि शिकवणाऱ्या व्हिडिओतलं ते बटण माझ्या आवृत्तीत कधीच नसतं.