जेजुरीची ती म्हातारी आणि इंग्रजीत लिहिणारे आपले लोक

मराठी भाषा दिन जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: भारतीय इंग्रजी साहित्य सलमान रश्दींना मिळालेल्या १९८१च्या बुकर पुरस्कारानंतर जन्मलं, ते मेकॉलेच्या लेकरांनी परदेशी वाचकांसाठी लिहिलं, ती वरच्या वर्गाची चैन आहे आणि जो इंग्रजीत गेला तो मायबोलीला मुकला. हा मजकूर मला पाठवणाऱ्यांत मराठीवर जीव असलेली माझी जवळची माणसंही आहेत. म्हणूनच तो वाचून सोडून देववत नाही.

आधी जन्मसाल. पाटण्याच्या दीन महोमेदचं इंग्रजी प्रवासवर्णन आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात छापलं गेलं ते १७९४ साली. भारतात इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणारं मेकॉलेचं टिपण आलं १८३५मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. बंगाली कादंबरीकार बंकिमचंद्रांची पहिली छापून आलेली कादंबरीही इंग्रजीच, १८६४ची. बंगाली कादंबऱ्या त्यानंतरच्या. आणि आपल्या अहमदनगरच्या कृपाबाई सत्यनादन! माहेरचं आडनाव खिस्ती, जन्म १८६२चा. धर्मांतरित मराठी घरातल्या मुलीची शिकण्यासाठीची धडपड त्यांनी ‘सगुणा’ या कादंबरीत इंग्रजीतून मांडली. १८८७-८८मध्ये ती मद्रासच्या एका मासिकात क्रमशः येत होती. नगरमध्येसुद्धा आज हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘परदेशी वाचकांसाठी’ या आरोपाला तर अरुण कोलटकरांचा इंग्रजी कवितासंग्रह ‘जेजुरी’च उत्तर देतो. सुरुवातीलाच एसटीच्या खिडक्यांवर बटणं लावून घट्ट बसवलेली ताडपत्री आहे आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात दिसणारा आपलाच दोन तुकड्यांतला चेहरा. पुढे ती म्हातारी येते, बाही धरते, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या नालाचं देऊळ दाखवते म्हणते. आपण झटकून टाकायला जातो, ती चिकटूनच राहते. मग तिच्या डोळ्यांत नजर जाते. त्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांची भेग वाढत जाते, डोंगर तडकतात, देवळं तडकतात आणि शेवटी आपणच तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो. देवाला गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाच्या बाहीला हा हात लागलेला आहे.

आणि हे पुस्तक काढलं कुणी? ‘क्लिअरिंग हाउस’ने, १९७६ साली, मुंबईत. कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चार कवींनी स्वतःच उभी केलेली ही प्रकाशनसंस्था. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले कोलटकर मुखपृष्ठंही स्वतः करायचे. ‘जेजुरी’ची अमेरिकन आवृत्ती निघाली २००५मध्ये, कवी गेल्यानंतर. परदेशी वाचकावर डोळा ठेवून लिहिणारा माणूस एवढी वर्षं थांबत नाही.

मायबोलीला मुकण्याचं म्हणाल, तर हेच कोलटकर ‘भिजकी वही’ या मराठी संग्रहाचे कवी. त्यांनी जनाबाई, मुक्ताबाई, तुकोबा इंग्रजीत नेले. दिलीप चित्रे यांना १९९४ साली साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार मिळाले. एक ‘एकूण कविता’साठी मराठीत आणि दुसरा तुकारामांच्या इंग्रजी अनुवादासाठी. बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू घरातले कवी निसिम इझिकेल इंग्रजीत लिहायचे, पण इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत आणण्याच्या कामात वृंदा नाबर यांच्या जोडीला तेच होते. ही माणसं दोन्ही घरांत राहत होती. एका घरातलं सामान दुसऱ्या घरात नेत होती, आणलेलं वापरत होती.

वरच्या वर्गाची चैन? १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं ते इंग्रजीत. मंडळाने ते रद्द केल्यावर त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. लाहोरच्या श्रोत्यांपर्यंत मराठी पोचली नसती. जातिव्यवस्थेवर इतका थेट घाव घालणारं गद्य कुणी चैन म्हणून लिहीत नाही.

त्या मजकुरातली, म्हणजे प्रत्यक्षात त्यामागची, एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. पैसा, परदेशवाऱ्या, वर्तमानपत्रांतली जागा हे सगळं इंग्रजीकडे आधी जातं आणि मराठीतला तोलामोलाचा लेखक अनुवादाची वाट बघत राहतो. हा अन्याय खरा आहे. पण तो बाजाराने केलेला आहे, त्याचा राग लेखकांवर काढू नये. किरण नगरकरांवर आपण तो काढला. ‘सात सक्कं त्रेचाळीस’सारखी मराठी कादंबरी १९७४मध्ये देणारा हा लेखक पुढे इंग्रजीत लिहायला लागला, तर भाषा सोडल्याचे बोल त्याला ऐकावे लागले आणि ते त्याच्या जिव्हारी लागले. त्यांची ‘रावण अँड एडी’ एकदा उघडून बघा. माझगावची चाळ आहे, खालीवर राहणारी हिंदू आणि ख्रिस्ती बिऱ्हाडं आहेत, पाण्यावरून होणारी भांडणं आहेत. मी ती भांडणं इंग्रजीत वाचली, पण मला ऐकू आली ती मराठीत.