कलमवाढ मागून घ्या

आज तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात एका गवंड्याने पिशवीतून कागद काढून दाखवले. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितोय.

बांधावरून भांडण झालं. शेजाऱ्याने फावड्याच्या दांड्याने पोटरीवर मारलं आणि छातीत धक्का देऊन दगडांच्या राशीवर पाडलं. पडताना उजवा तळवा टेकला. त्याच रात्री पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, घेऊन सरकारी दवाखाना, तिथे एक्स-रे. हाड मोडलेलं दिसलं नाही. सर्टिफिकेटवर 'साधी दुखापत', ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, विषय संपला. अकरा महिने झाले, या माणसाला थापी धरून गिलावा करता येत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटात स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. हातावर पडल्यावर ते मोडतं आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. हाडांच्या डॉक्टरांना हे पाठ असतं. अंगठ्यामागच्या खळग्यात दाबल्यावर कळ आली, तर फोटो साफ असला तरी प्लास्टर घालतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून येतं. तुटलं की मागच्या तुकड्याचा पुरवठाच बंद पडू शकतो, मग हाड जुळत नाही आणि मनगट आखडत जातं. या गवंड्याने तीन आठवड्यांनी खाजगीत फोटो काढला. त्यात मोडलेलं हाड स्पष्ट आहे. तो फोटो आजवर पिशवीतच होता, कारण तो ठाण्यात नेऊन द्यायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

आता कायदा बघा. जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, जिवावर बेतणारी जखम, वगैरे. आठव्या प्रकारात पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम करता न येणं हेही येतं. जुन्या दंडविधानात हे वीस दिवस होते. साधी दुखापत म्हणजे ११५(२): जास्तीत जास्त एक वर्ष, अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करू शकत नाहीत. जबर दुखापत म्हणजे ११७(२): सात वर्षांपर्यंत, दखलपात्र. हत्यार कापणारं, भोसकणारं किंवा जीव जाईल असं असेल तर ११८(२), म्हणजे किमान एक वर्ष आणि वर जन्मठेपेपर्यंत. आणि १ जुलै २०२४ पासून ११७(३) आलंय: दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं किंवा माणूस कायमचा निश्चेष्ट पडला, तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, वर आयुष्यभर तुरुंग.

एक वर्ष ते आयुष्यभर! आणि यातलं काय लागणार हे बहुतेक वेळा ठरतं पहिल्या रात्री, सर्टिफिकेटच्या एका रकान्यात.

त्या मेडिकल ऑफिसरवर माझा तेवढा राग नाही. रात्रपाळीला एकटा माणूस, बाहेर बाळंतपण, अपघात, साप चावलेला. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. माझा राग आहे तो रकाना दगडावरची रेघ समजणाऱ्यांवर. सर्टिफिकेट हे त्या रात्रीचं मत आहे. हाताची सूज आणि वेदना लिहिलेल्या असताना 'पुन्हा एक्स-रे करून अंतिम मत द्यावं' एवढं पत्र दवाखान्याला पाठवायला ठाण्यातून कुणाचं काय जात होतं? एनसी केली की महिन्याच्या आकडेवारीत एक गुन्हा कमी. दुसरं कारण मला दिसत नाही.

खोटी सर्टिफिकेटंही निघतात, मान्य. आधीच हलणारा दात 'मारहाणीत पडला' म्हणून दाखवणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणूनच फोटो हवा, तारीख हवी, प्लेटवर नाव आणि नंबर हवा, आणि फोटो वाचणारा डॉक्टर साक्षीला हवा. आणखी एक: हाड मोडलं म्हणजे ११७ आपोआप सिद्ध होत नाही. मारणाऱ्याचा तसा हेतू होता किंवा असं होईल याची त्याला जाणीव होती हेही दाखवावं लागतं. दगडांच्या राशीवर ढकलताना ती नव्हती असं बचाव पक्ष म्हणेलच. म्हणू दे. ते कोर्टात ठरू दे, ठाण्याच्या टेबलावर नको.

तर ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी हे करा. दुखणं राहिलं तर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा फोटो काढा, शक्यतो सरकारी दवाखान्यात आणि आधीच्या एमएलसी नंबरचा (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्याने केलेल्या नोंदीचा) उल्लेख करून. प्लेट, रिपोर्ट, ओपीडीचा कागद, सगळं मूळ स्वरूपात जपा आणि ठाण्यात फक्त झेरॉक्स द्या. अर्जात सरळ लिहा की एनसीतली दुखापत जबर असल्याचं निष्पन्न झालंय, ११७(२) खाली गुन्हा नोंदवावा. गुन्हा आधीच नोंदलेला असेल तर कलमवाढ, म्हणजे त्यात हे जास्त कडक कलम जोडणं, मागा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. नाही ऐकलं तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज, तरीही नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, त्याच्या १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे, शपथपत्रासह.

आणि वेळ घालवू नका. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला मुदत एक वर्षाचीच. प्रकरण 'साधी'वरच पडून राहिलं तर तेराव्या महिन्यात दार बंद. या गवंड्याकडे एक महिना उरलाय. ११७(२) ला अशी मुदत नाही, पण ते आधी लागायला तर हवं.

आठव्या प्रकारावर जाणार असाल तर दवाखान्यात पंधरा दिवस भरती होता एवढं पुरत नाही. वेदना किती होत्या, काम का बंद होतं, हे दाखवावं लागतं. मजुराकडे रजेचा अर्ज नसतो. मुकादमाची हजेरीवही असते, तिची ती पानं मिळवा. फिजिओथेरपीच्या चिठ्ठ्या फेकू नका.

११७(३) चं तर मला जास्तच वाईट वाटतं. एवढं कडक कलम, पण कायमचं अपंगत्व म्हणजे नेमकं किती, हे त्या कलमात लिहिलेलं नाही. अपंगत्व उपचार संपल्यावर ठरतं, आणि तोवर ११७(२) चं दोषारोपपत्र जाऊन बसलेलं असतं. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं की ते सरकारी वकिलांच्या हातात द्या आणि दोषारोपात बदल मागायला सांगा. निकाल लागेपर्यंत तो करता येतो. ११७(३) सेशन कोर्टात चालतं. तिकडे गेलं नाही तर पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही, कलमात सात लिहिलेली असली तरी. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर मात्र ११७(३) विसरा, ते मागे जाऊन लागत नाही.

तुरुंगाने मनगट जुळत नाही, हेही खरं. म्हणून भरपाई मागा. २०१३ मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार कोर्टाने करायलाच हवा आणि देणार की नाही याची कारणं लिहायला हवीत. शिक्षेवर सुनावणी होईल त्या दिवशी उपचाराची बिलं, हजेरीवही आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब सरकारी वकिलांच्या फाईलमध्ये असू द्या.