'क्रेझी'चे ध्वनिमुद्रण: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी गायिका पॅट्सी क्लाइनच्या 'क्रेझी' या गाण्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. वादकांनी आधी वाजवून ठेवायचे आणि गायिकेने नंतर येऊन त्यावर गायचे, या पद्धतीने कंट्री या ग्रामीण अमेरिकी वळणाच्या संगीतातला खरेपणा घालवला, हा आपला पहिला आक्षेप. आणि निर्माता ओवेन ब्रॅडलीने या संगीताला शहरी झिलई चढवून ते बाजारात उभे केले, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिला मात्र मला मान्य नाही.

१४ जून १९६१ रोजी कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये झालेल्या मोटार अपघातात क्लाइन समोरच्या काचेवर आदळली आणि महिनाभर रुग्णालयात होती. २१ ऑगस्टला ती ब्रॅडलीच्या स्टुडिओत आली, ती कुबड्या घेऊनच. तीन तासांच्या एका सत्रात तीन-चार गाणी उरकण्याची नॅशव्हिलची तेव्हाची रीत असताना या एकाच गाण्यावर सुमारे चार तास गेले, तरीही काम पुरे झाले नाही. कारण वरचे स्वर लावायला जो भरपूर दम लागतो, तो दुखऱ्या बरगड्या घेऊ देत नव्हत्या. पट्टी उतरवून वेळ मारून नेता आली असती. ब्रॅडलीने तसे न करता वादकांचे काम टेपवर राखून ठेवले आणि क्लाइनला घरी पाठवले. काही आठवड्यांनी ती परतली आणि, सर्वत्र सांगितले जाते त्याप्रमाणे, एकाच टेकमध्ये गाणे गायली. तुकडे जोडून केलेले हे गायन नव्हे. गळा आणि छाती सावरेपर्यंत थांबण्याची सवड तेवढी टेपने दिली. यात खोटेपणा कुठे आला, हे मला खरोखरच कळत नाही.

गीतकार-संगीतकार विली नेल्सनचा डेमो, म्हणजे गाणे ऐकवण्यापुरते केलेले कच्चे ध्वनिमुद्रण, अधिक 'अस्सल' वाटतो, असेही आपण लिहिले आहे. नेल्सन तालाच्या किंचित मागे रेंगाळत गातो. क्लाइनने आधी तसेच गाऊन पाहिले, ते जमेना, तेव्हा ती आपल्या चालीने गायली. खुद्द नेल्सनने मात्र आपल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांत हेच सर्वांत आवडते असल्याचे सांगितले आहे.

आता झिलईविषयी. रॉक अँड रोलने तरुण श्रोता पळवल्यावर डेक्का या तबकडी कंपनीसाठी ब्रॅडलीने आणि आरसीए या दुसऱ्या कंपनीसाठी निर्माता चेट ॲटकिन्सने फिडल (लोकसंगीताच्या ढंगाने वाजणारे व्हायोलिन) मागे सारून पियानो आणि कोरस पुढे आणले, यामागे विक्रीचा हिशेब होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये बाजारात आलेली ही तबकडी बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या कंट्री यादीत २ऱ्या आणि पॉप यादीत ९व्या क्रमांकापर्यंत गेली. हिशेब चुकला नाही. पण पुन्हा ऐकताना गायिकेकडे जरा दुर्लक्ष करून खालचे स्वर ऐकावेत. बॉब मूरच्या उभ्या बासच्या (खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या) जोडीने ओवेनचा भाऊ हॅरल्ड ब्रॅडली सहा तारांचा इलेक्ट्रिक बास वाजवतो, त्यामुळे खर्जाला एक कोरडी, नेमकी धार येते. वर फ्लॉइड क्रेमरचा पियानो ओळ संपल्यावरच बोलतो, ओळीवर चढत नाही. इतक्या संयमाला मी निव्वळ झिलई म्हणणार नाही.

फेब्रुवारी १९६३ मधील क्लाइनच्या अखेरच्या सत्रांत व्हायोलिनचा ताफा आला. त्या गाण्यांबद्दल आपण हाच आक्षेप घेतला असता, तर मी बहुतेक आपल्याच बाजूने उभा राहिलो असतो.