मामा तलावावर कॅनडाचा मासा

परवा रात्री काकांचा मेसेज आला, "तू तिकडंच राहतोस ना? हे खरं आहे का?" खाली तोच फॉरवर्ड. गेल्या पंधरा दिवसांत तो मला तीन ग्रुपांवर दिसला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता वर सरकवला होता. पण काका भंडारा जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले, ज्यांना तिकडं सगळे मामा तलाव म्हणतात, तसला एक तलाव ठेक्यानं घेऊन संस्थेतली ही ढिवर समाजाची मच्छीमार मंडळी रोहू-कतला वाढवतात. संस्थेच्या बैठकीत कोणीतरी हा फॉरवर्ड मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. म्हणून बसलो लिहायला.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: कॅनडात गोड्या पाण्यातल्या मासळीची सरकारी कंपनी होती. मासा फक्त तिलाच विकायचा, शेजाऱ्याला दिला तरी तुरुंग. करदात्यांच्या पैशावर ती पोसली. २०१७ मध्ये ती बंद केली, एकेक प्रांत मोकळा झाला आणि मच्छीमारांचं उत्पन्न तिप्पट झालं. तेव्हा आपल्याकडच्या संस्थाही मोडा आणि तलावांचा खुला लिलाव करा.

पहिलं म्हणजे ती बंद झालेली नाही. फ्रेशवॉटर फिश मार्केटिंग कॉर्पोरेशन नाव तिचं, १९६९ च्या कायद्यानं स्थापन झालेलं केंद्र सरकारचं महामंडळ. विनिपेगच्या ट्रान्सकोना भागात तिचा मासळी कारखाना आहे, मी राहतो त्याच शहरात. १ डिसेंबर २०१७ ला झालं ते एवढंच, की मॅनिटोबा प्रांत त्या कायद्याच्या व्यवस्थेतून बाहेर पडला आणि इथल्या मच्छीमाराला मासा कुणालाही विकायची मुभा मिळाली. नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा कॅनडाचा उत्तरेकडचा प्रदेश अजूनही आत आहे.

‘एकेक प्रांत मोकळा झाला’ हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. सस्कॅचवन २०१२ मध्ये बाहेर पडला. तिथल्या मच्छीमारांनी मग काय केलं? स्वतःची सहकारी संस्था काढली आणि त्या संस्थेनं मासळी देण्याचा करार केला तो याच विनिपेगच्या महामंडळाशी. अल्बर्टाची गोष्ट त्याहून भारी. २०१४ मध्ये त्या प्रांतानं व्यावसायिक मासेमारीच बंद करून टाकली. दुकानासकट गिऱ्हाइकाला कुलूप लावायचं आणि वर म्हणायचं, मोकळा केला!

करदात्यांच्या पैशाचं दोन ओळींत सांगतो. महामंडळानं संसदेकडून अनुदान न घेता स्वतःच्या कमाईवर चालावं, असं त्या कायद्यातच लिहिलंय. मासा घेताना आगाऊ भाव द्यायचा, माल विकून खर्च वजा जाता काही उरलं तर वर्षाअखेरी वाटायचं, असा हिशेब. आपल्या दूध संघाच्या फरकासारखाच.

आता ‘उत्पन्न तिप्पट’. हा आकडा कुठून आणला ते फॉरवर्डवाल्यालाच ठाऊक. आकडा सोडा, तो मासा पाण्यातून बाहेर कसा येतो ते आधी बघा.

मी एकदा जानेवारीत लेक विनिपेगवर गेलो होतो, उणे तीस अंशांत. हे सरोवर सुमारे २४,५०० चौरस किलोमीटरचं. बर्फाला भोक पाडून एक लांब फळी पाण्यात सोडतात, तिला दोरी आणि लोखंडी दांडा. दोरीला हिसका दिला की फळी बर्फाच्या पोटाला घासत पुढं सरकते. वरचा माणूस बर्फावर कान देऊन तिची टकटक ऐकत चालतो, जिथं थांबेल तिथं दुसरं भोक, आणि त्या दोरीनं जाळं आत ओढून घ्यायचं. जाळं काढलं की पिकरेल नावाचा मासा बर्फावर दोनचार उड्या मारतो आणि बघता बघता लाकडासारखा कडक होतो. तरी हे सरोवर सोयीचं, कडेला रस्ता, दोनेक तासांवर शहर. उत्तरेला अशी सरोवरं आहेत जिथं बारमाही रस्ताच नाही. तिथला मासा होडीनं, विमानानं किंवा हिवाळ्यात गोठलेल्या वाटेनं येतो. ते बहुतेक मच्छीमार आदिवासी, आणि जाळ्यात पिकरेलपेक्षा स्वस्तातला व्हाइटफिश जास्त. त्यांच्या हातात पडतो तो भाव वजा वाहतूक.

तिथं कोण खासगी व्यापारी जाणार आहे?

याचं उत्तर १९६९ च्या त्या कायद्यातच आहे. सहभागी प्रांतातल्या मच्छीमारानं रीतसर धरलेला आणि प्रांताबाहेर विकण्यासाठी देऊ केलेला सगळा मासा महामंडळानं विकत घेतलाच पाहिजे, असं त्यात कलम आहे. फॉरवर्डवाल्यानं अर्धाच कायदा वाचला. ‘फक्त आम्हालाच विका’ हे दिसलं, त्याच्या बदल्यात लिहिलेलं ‘आम्हाला घ्यावाच लागेल’ हे दिसलं नाही. मक्तेदारी गेली तसं मॅनिटोबापुरतं ते बंधनही गेलं. रस्त्याकडेच्या पिकरेलवाल्याला चार गिऱ्हाइकं आली असतील, मी नाही म्हणत नाही. पण मोकळीक मिळाल्यावरही इथल्या बहुतेकांनी याच महामंडळाशी करार केले.

मुळात हे महामंडळ आलं कशासाठी? त्याआधी मासळी कंपन्या जाळी, होडी, इंजिन यांच्यासाठी उचल द्यायच्या आणि मासा त्याच कंपनीला, ती म्हणेल त्या भावानं. माल शिकागो-न्यूयॉर्कला जायचा. इकडं बरेच छोटे निर्यातदार एकमेकांचा भाव पाडायचे आणि मार खायचा तो जाळेवाला. काकांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या वडिलांनी उचल फेडण्यातच उमर घालवली.

बरं, खरं तेही सांगतो, नाइलाजानं. मक्तेदारीच्या काळात परस्पर प्रांताबाहेर मासा विकला म्हणून लोकांवर खटले झालेत. म्हणजे तुरुंगाची गोष्ट हवेतली नाही, फक्त ‘शेजाऱ्याला दिला तरी’ हा मसाला वरून टाकलाय. आणि महामंडळाचा कारभारही धुतल्या तांदळासारखा नाही. कॅनडाच्या महालेखापालांनी २०१७ मध्ये तपासणी करून गंभीर त्रुटी दाखवल्या. संचालक सरकार नेमतं. उत्तरेचा मच्छीमार वर्षानुवर्षं विचारतोय की आमच्या माशातून वाहतुकीला किती गेलं आणि ऑफिसला किती. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच महामंडळ मच्छीमारांच्याच हाती द्यावं का, याची चर्चा इथं चाललीय. फॉरवर्डमध्ये याचा एक शब्द नाही.

त्यातून मामा तलावांच्या लिलावावर उडी कशी मारली, देव जाणे. मॅनिटोबात मासा कुणाला विकायचा हे बदललं, धरायचा परवाना मच्छीमाराकडंच राहिला. फॉरवर्डवाला तर तलावच जास्त बोलीवाल्याला देऊ म्हणतोय. लिलावात ढिवरांची संस्था कंत्राटदारापुढं किती वेळ टिकेल? मग त्याच तलावात तीच माणसं रोजीवर जाळं ओढतील.

हे सगळं काकांना पाठवलं. त्यांनी वाचलं असावं, कारण अर्ध्या तासानं एकच ओळ आली, "तिकडच्या संचालकांत जाळं टाकणारे किती?"

मी लिहिलं, सरकार नेमेल तेवढेच.

"बैठक गुरुवारी आहे. एवढं पहिल्यांदा सांगतो, बर्फाचं नंतर."